आर्डिसचं ऊन आणि लायलचा झेंडा

आर्डिस टोलेफसनला आयुष्यात दोन गोष्टी कधीच कळल्या नाहीत, बेसबॉल आणि वीज. बेसबॉलवाचून तिचं काही अडलं नाही. विजेची भानगड नवरा बघायचा, आणि तो लायल गेल्या उन्हाळ्यात मिनेसोटात वारला. तरी थंडी पडताच ही बाई एकटी घरगाडी हाकत ॲरिझोनाच्या वाळवंटात हजर झाली. दर हिवाळ्यात दोघं येत, आणि न येण्याला तिला काही कारण सापडेना.

जागा तीच, मांडणीही लायलचीच. दार पूर्वेला, म्हणजे सकाळची कॉफी उन्हात. मागच्या शिडीला त्याची उंच काठी आणि तिच्यावर माशाचा झेंडा. या माळावर सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात, त्यामुळे आम्ही घर ओळखतो ते झेंड्यावरून. झेंडा वर म्हणजे माणूस जागेवर. खाली आला की एकतर गाडी निघाली, नाहीतर माणूस.

अडचण होती श्वासाच्या यंत्राची. झोपताना आर्डिसला ते नाकाला लावावंच लागे. लायल त्यासाठी जनरेटर चालू करायचा, पण त्याची दोरी ओढणं तिच्या खांद्याला झेपेना. म्हणून येताना वाटेतल्या एका दुकानात तिनं छपरावर सोलर पॅनल बसवून घेतले. "ऊन असलं की झालं, बाकी काही बघायला नको," दुकानदार म्हणाला. ऊन तर इथे मरणाचं! तरीही यंत्र दोनदा मध्येच बंद पडलं आणि ती घाबरीघुबरी होऊन उठली. वर हे सगळं मुलीला फोनवर सांगून बसली.

"आई, पुरे झालं," कारिन म्हणाली. "आणखी एकदा बंद पडलं ना, की मी तिकडे येणार, तुला घेऊन जाणार आणि ती गाडी विकून टाकणार. तिथे तुझ्याजवळ आहे कोण?"

गाडी गेली की लायलही दुसऱ्यांदा गेला, असं आर्डिसला वाटे. पण हे मुलीला कसं सांगायचं?

शेजारच्या गाडीतला डेल्मर जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करून म्हातारा झालेला. त्यानं आधी बॅटरीला नावं ठेवली, मग वायरीला. त्याची बायको ओपल म्हणाली, "आधी धूळ पुसा रे, मग शहाणपणा करा." डेल्मर सकाळच्या गारव्यात दोनदा छपरावर चढला, पॅनल लख्ख पुसले, वायर बदलली. बॅटरी किती भरतेय ते दाखवणारा आकडा आपला तिथल्या तिथे. आर्डिस त्या आकड्याच्या चौकोनी डबीसमोर बसून राही आणि तिचं डोकं गरगरे. स्वच्छ, निवांत दिवशी बॅटरी उपाशी. वारा सुटून धुळीनं आभाळ पिवळं झालं की मात्र भरलेली!

"डेल्मर, वारा आला की बॅटरी भरते रे."

"अगं, सोलर आहे ते, पवनचक्की नव्हे!"

"मला काय सांगतोस? तिला सांग."

"आर्डिस, चष्म्याचा नंबर तपासून घे बाई," ओपल म्हणाली.

आर्डिसला स्वतःचीच शंका यायला लागली. कारिन म्हणते तेच खरं असेल, डोकं चालेनासं झालं असेल आपलं.

एका दुपारी ती अशीच डबीकडे बघत बसली होती. बाहेर काठीची दोरी टिणटिण वाजली आणि आकडा वर चढला. टिणटिण थांबली, आकडा पडला. पुन्हा वाजली, पुन्हा चढला. ती बाहेर आली आणि मान वर केली. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला कललेला, गाडीची पाठ दक्षिणेलाच, आणि दोघांच्या मधे लायलचा मासा. वारा पडला की तो बोचक्यासारखा लोंबे आणि त्याची सावली थेट पॅनलवर पडे, आणि तेवढ्या तुकड्यानंही सगळी वीज घटे. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तिनं दोरी हातात घेतली. तो झेंडा आजवर लायलच उतरवायचा. "माफ कर रे बाबा," ती म्हणाली आणि तिनं तो खाली घेतला. आत येऊन बघते तर आकडा दुपटीच्याही वर! झेंडा छातीशी धरून ती डबीसमोर बसली. हसू येतंय की रडू, हे तिलाच कळेना.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. डेल्मर, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. मागून पिठाच्या हातांची ओपल. तिच्यामागे ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत कुणीतरी, घोंगडी घेऊन कुणीतरी, नुसतंच धापा टाकत कुणीतरी. गाड्यांची अख्खी ओळ लोटली होती.

"जिवंत आहे!" डेल्मर बाहेरच्यांकडे वळून ओरडला.

"सटवे, झेंडा कशाला उतरवलास?" ओपलनं पिठाच्या हातांनीच तिला मिठी मारली आणि ढसाढसा रडायला लागली. "माझा जीवच गेला असता ना!"

"ऊन अडत होतं गं," आर्डिस म्हणाली, पण तिचं ऐकतंय कोण? सगळे एकदम बोलत होते. काठी आता उत्तरेला रोवायची, पुढच्या चाकाजवळ, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

त्या गलक्यातच फोन वाजला. कारिन होती.

"आई, काय गोंधळ चाललाय तिथे? कोण आहेत एवढे लोक?"

"काही नाही गं," आर्डिस डोळे पुसत म्हणाली. "मी जरा झेंडा उतरवला होता."