नझीरभाई आणि बाईंची बोटं

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या विक्रेतेगिरीच्या कारकिर्दीत मला एकाच माणसाने चारी मुंड्या चीत केले, आणि तेही चहा पाजून. त्यांचे नाव नझीरभाई.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामाचे संगणक ते सांभाळत. मूळचे म्हसळ्याचे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. मी माझ्या सॉफ्टवेअरचे रंगीत माहितीपत्रक पुढे केले, तर त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. "कागद फर्स्टक्लास आहे. आता आमच्या म्हातारीवर चालवून दाखवा."

म्हातारी म्हणजे, लॉऱ्यांतून माल सोडायची चलने टाइप करणाऱ्या कांबळेबाईंच्या टेबलावरचा जुना पीसी. तो शेजारच्या खोलीतल्या मोठ्या मशीनला वायरने जोडलेला होता. आता ते मशीन वाशीच्या ऑफिसात जाणार होते. फोनच्या लाइनवरून तिथे जोडून देणारे सॉफ्टवेअर या जुन्या पीसीवर चालले तर ठीक. नाहीतर चलनांचे काम वाशीला, आणि बाईंना घरी, असे शेठनी जाहीर केले होते.

शेठच्या देखत माझे सॉफ्टवेअर चढले. खिडक्या, रंग, चित्रे. वा! बाई लातूरकडच्या, पडद्याकडे न बघता टाइप करायची त्यांची रीत. अख्खे चलन भरून शेवटी ते पाठवायला एफ-फोरची कळ दाबायची आणि मगच मान वर करायची. त्यांनी ती दाबली, मान वर केली. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच कळीने मदतपुस्तिका उघडायची; ती पडद्यावर हसत उभी. चलन गायब. बाहेर लॉरीवाला हॉर्न मारतोय.

"बाईंना नाही जमणार," शेठ म्हणाले.

"शेठ, परीक्षा बाईंची नाय, ह्यांच्या डब्याची होती," नझीरभाई म्हणाले. "चार दिवस द्या. बोटं बदलायची नसतात, सॉफ्टवेअर बदलायचं असतं."

मग हा गृहस्थ चार दिवस बाईंच्या शेजारी वही घेऊन बसला. कुठले बोट कुठल्या कळीवर जाते, सगळे टिपले. "नझीरभाई, माजी बोटं चोरनार का काय?" बाईंनी विचारले. "चोरून तुम्हालाच परत देणार, बाई." मी रोज चहाला जात होतो, शत्रूच्या तयारीवर नजर ठेवायला, दुसरे काय.

त्यांनी निवडलेले सॉफ्टवेअर एका फ्लॉपीत मावणारे, बाईंच्या जुन्या पडद्यासारखीच काळ्यावर हिरवी अक्षरे, दिसायला अगदी दरिद्री. पण प्रत्येक कळ हवी तशी लावून घेता येणारे. चौथ्या रात्री मोठे मशीन वाशीला गेले. पाचव्या दिवशी बाई यायच्या आधीच त्यांनी ते सॉफ्टवेअर चढवून वाशीची फोनलाइन जोडून ठेवली आणि बाईंना पत्ता लागू दिला नाही.

शेठ आले, बाईंच्या मागे उभे राहिले. दुपारपर्यंत अकरा लॉऱ्या सुटल्या. एकही चलन अडले नाही. माझा चहा थंड झाला.

"काय कांबळेबाई," शेठनी विचारले, "नवीन सॉफ्टवेअर कसं वाटतंय?"

बाईंनी घाबरून मान वर केली. "अवो साहेब, ते आजून बसवलंच न्हाई की!"