गाडीमामांचा लाल दोरा

गाडीमामा गाडी डोळे मिटून तपासायचे. धंतोलीत दवाखान्यासमोर असोत की बर्डीवर बाजारात, चार गाड्यांच्या मध्ये आपली गाडी सोडून पाच मिनिटं जरी दूर गेले, तरी परत आल्यावर आधी चारही दारांवरून तळहात फिरवायचे. वरून खाली, मग आडवा. कोणी म्हटलं, मामाजी, डोळे उघडून पाहा ना, तर म्हणायचे, "डोयाले चमक दिसते. खोट हाताले समजते."

तो हात विणकराचा होता. पाचपावलीच्या आमच्या गल्लीत तेव्हा बऱ्याच घरांत हातमाग होते. मामांचा माग आणि माझ्या वडिलांचा माग एका भिंतीच्या अल्याडपल्याड. नातं एवढंच, पण मी त्यांना लहानपणापासून मामाजी म्हणत आलो. लुगड्यांना गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मामांनी माग उकलून माळ्यावर टाकला, एका ट्रकवाल्याच्या हाताखाली गाडी शिकले आणि धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागले. दुधी रंगाची फियाट होती. गल्लीने त्यांचं नाव गाडीमामा ठेवलं ते तेव्हापासून.

गाडी कुठे लावायची याची त्यांना फार काळजी. एका बाजूला भिंत किंवा झाड मिळालं तर जीव भांड्यात पडायचा. नाहीच मिळालं तर शेजारच्या गाडीपासून दोन हात मोजून जागा सोडायचे. शिवाय डिकीत जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या असत. त्यांची वरची कड काचेत दाबून त्या दोन्ही बाजूंच्या दारांवर सोडायचे, म्हणजे दुसऱ्याचं दार आपटलं तरी गोधडीवर आपटेल. समोरचा पानठेलेवाला बनियनवर बसलेला असे. तो रोज विचारायचा, "मामाजी, आज गाडीले कोणतं लुगडं नेसवलं गा?" मामा मान वर न करता म्हणायचे, "कोणतंही असो. तुह्यासारखी उघडी त नाही बसत."

धंतोलीत साऱ्या विदर्भातून पेशंट येतात. जीपमधून दहा-दहा माणसं उतरतात आणि ज्याला जसं सुचेल तसं दार ढकलतात. गोधडीखालीही कधी पत्रा दबायचा, कधी कडेचा रंग उडायचा. मामा त्या लोकांवर कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. एकदा मीच चिडून काही बोललो, तर म्हणाले, "त्याईचा माणूस आत टेबलावर आहे. दार कसं उघडाचं, हे त्याईले कसं सुचन?"

मात्र खोट लपवायची नाही, हा त्यांचा नियम होता. आमच्याकडे कापडात कुठे धागा चुकला, तर त्या जागेसमोर काठाला लाल दोऱ्याची गाठ मारत. घडी उलगडताच घेणाऱ्याला कळावं म्हणून. मामांनी तीच रीत गाडीला लावली. दाराला पोचा आला की त्या दाराच्या आतल्या मुठीला लाल दोरा. डॉक्टर गाडीत बसताना दोरा बघून विचारत, "आज कुठे?" मामा खाली उतरून जागा दाखवत. एकदा डॉक्टर हसून म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलंही नसतं." मामा म्हणाले, "मले त कळलं होतं ना साहेब."

आता मला जे सांगायचं आहे, ते लिहावं की नाही हे अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मी मॅट्रिक झालो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजेपर्यंत मूळ कागद दाखवायचे होते. मी रांगेत उभा राहिलो, आणि खिडकीशी पोहोचल्यावर लक्षात आलं की शाळा सोडल्याचा दाखला घरीच राहिला. तेव्हा एक वाजला होता. मी पळत धंतोलीत गेलो, कारण दुसरं कोणी मला माहीत नव्हतं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मामांनी दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन घंटे लागतात त्याईले. बस." डॉक्टरांना न विचारता त्यांनी गाडी नेली, ती तेवढी एकदाच.

आम्ही घरून दाखला घेऊन परत आलो तेव्हा दोनला दहा मिनिटं होती. कॉलेजच्या आवारात एका काळ्या, नव्याकोऱ्या गाडीशेजारी तेवढी जागा होती. दोन हात मोजायला वेळ नव्हता. मामा आधी उतरून डिकीतून गोधडी काढू लागले. त्या दिवसाआधी मी कधी मोटारीत बसलो नव्हतो. आमच्या घरचं दार अडकतं, त्याला खांदा लावावा लागतो. मी तसाच खांदा लावला. ठप असा आवाज झाला. काळ्या गाडीच्या दारावर पावलीएवढा खळगा पडला होता. मी तो पाहिला. मागे डिकीचं झाकण उघडं होतं, त्यामुळे मामांना दिसलं नसावं असं मी स्वतःला सांगितलं आणि पळालो.

अर्ध्या तासाने पावती घेऊन बाहेर आलो. मामा एव्हाना धंतोलीला पोचायला हवे होते. पण ते तिथेच, काळ्या गाडीच्या दारावर तळहात ठेवून उभे होते. म्हणाले, "काम झालं?"

"झालं."

"अजून काही?"

मी म्हणालो, "काही नाही." खरं तर तो हात मला दिसत होता. पण ती गाडी कॉलेजातल्याच कोणा मोठ्या माणसाची असेल, हातातली पावती परत घेतील, एवढंच डोक्यात घोळत होतं. मामा "बरं" म्हणाले आणि उभेच राहिले. बऱ्याच वेळाने गाडीचे मालक आले. मामा पुढे होऊन म्हणाले, "साहेब, आमच्या दारानं तुमच्या गाडीले लागलं." मालक पुष्कळ बोलले. डोळे फुटले होते का, गाडी कोणाची, हेही विचारलं. मामांनी डॉक्टरांचं नाव सांगितलं. मी दहा पावलांवर पावती धरून उभा होतो.

डॉक्टर ऑपरेशन आटोपून बाहेर आले, तेव्हा गाडी जागेवर नव्हती. संध्याकाळी काळ्या गाडीच्या मालकांचा फोनही आला. डॉक्टर रागावले नाहीत म्हणे. उद्यापासून किल्ली माझ्या टेबलावर ठेवत जा, एवढंच म्हणाले. मामांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते घरी आले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. गल्लीत कोणी विचारलं तर सांगायचे, "माह्या हातचं होतं ते काम, आता हातचं नाही राहिलं." माझं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही. त्याच दिवसांत माझ्या आईने प्रवेशाचे पेढे वाटले. पहिला मामांना दिला, तुमच्यामुळे झालं म्हणाली. मामांनी माझ्यासमोर तो खाल्ला.

पुढे त्यांना कोराडीला, वीजकेंद्राच्या कामगारांची बस चालवायचं काम मिळालं आणि ते तिकडेच राहायला गेले. मी दीड वर्ष गेलो नाही. अभ्यास आहे, असं आईला सांगत राहिलो. मागच्या दिवाळीनंतर एकदाचा गेलो. मामा बसच्या पायरीवर बसून डबा खात होते. बसवर राखेचा थर, आणि पत्रा इतका चेपलेला की सपाट जागा शोधावी लागावी. मला पाहून म्हणाले, "काय गा पोट्ट्या, अभ्यास करून राहिला ना?" अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मामाजी, इथे दोरा नाही बांधत?

"कोणासाठी बांधू? हिचा मालक कोण, मलेच नाही माहीत."

मग मी सांगितलं. भाकर हातात तशीच धरून, खाली बघून सांगितलं की ते दार मी ढकललं होतं. मामांनी डबा बंद केला, हात धुतला, धोतराला पुसला.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "आवाज आला ना मले. अर्धा घंटा काहून उभा होतो तिथं? त्या साहेबासाठी मी थांबलो नव्हतो. तुह्यासाठी थांबलो होतो. तो दोरा तू बांधाचा होता गा."

त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. बस सुटायची वेळ झाली होती. मी उठलो, तसे तेही उठले. निरोप देताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, थोपटतील. पण हात खांद्यापासून सावकाश खाली आला, मग आडवा फिरला. मी वळून पाहिलं. मामांनी डोळे मिटले होते. हात एका जागी क्षणभर थांबला. मग ते बसमध्ये चढले.