सरावातलं पाणी

लेक आंतरराष्ट्रीय धोरणाचं एम.ए. करते. अभ्यासक्रमात एक सराव आहे: प्रत्येकाने एकेक देश व्हायचं आणि भांडण मिटवायचं. काल सकाळी पोहे खाता खाता ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "ऐकत नाहीत ना? मग नदीचं पाणी अडवू. आठवड्यात वठणीवर येतील." आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागली.

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, आणि खालच्या गावांतली माणसं?"

"आई, सराव आहे. देश खोटे आहेत."

देश खोटे असतील, पण तो आवाज खरा होता, माझ्याच घरात वाढलेला. खरे निर्णयही असेच, न्याहारी करता करता होत असतील का?

मी उठले आणि उगाचच नळ सोडून पाहिला. पाणी आलं. पण तो बंद करायला हात धजेना.