दगडी कोर्टातली तिसरी हाक

आमच्या भिंतीपलीकडे भोंगा राहतो. त्याला खरं नाव आहे म्हणे, पण मी ठेवलेलंच टिकलं. कोर्टात पुकारा करणारा पट्टेवाला तो. घरात चहा मागितला तरी अर्धी गल्ली हजर व्हायची. वहिनी करवादायच्या, "अहो, मी आरोपी नाही, हळू बोला!"

पण खोड एकट्या त्याची नव्हती. जुनं कोर्ट गोऱ्या साहेबानं बांधलेलं. काळा दगड, मान मोडेल इतकं उंच छत आणि थेट फाटकापर्यंत कमानीमागून कमानी. नुसती इमारत बघून लोकांनी चळाचळा कापावं, हा साहेबाचा बेत. भोंग्याला मात्र तो व्हरांडा म्हणजे स्वतःचाच लांबवलेला गळा. त्यानं दारात नाव घेतलं की कमानी ते हातोहात फाटकावर पोचवायच्या. झाडाखाली पेंगणारा पक्षकार दचकून उठायचा. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही, तर अर्ज गैरहजेरीत फेटाळला जायचा. म्हणून तिसरी हाक हा लबाड मुद्दाम लांबवायचा.

मग कोर्ट नव्या इमारतीत गेलं. काचेची दारं, हाताला लागेल असं खोटं छत. पहिल्याच आठवड्यात त्याच्या लेकीची तारीख होती. नवऱ्यानं ठेवून घेतलेलं पोर तिला परत हवं होतं. दाराशी सासरची माणसं डोळे वटारून उभी.

भोंगा म्हणाला, "तू बाहेर बाकावर बस, पोरी. हाक आली की ये."

"ऐकू येईल ना, बाबा? फोन फाटकावर ठेवून घेतलाय."

"माझी हाक? अगं, मेलेला उठून बसेल!"

पहिली हाक छतानं गिळली. दुसरी काचेला आपटली. तिसरी त्यानं छाती फुटेस्तोवर ताणली. लेक येतच असणार, या खात्रीत तो दार सोडून गेला नाही. जज्जसाहेब म्हणाले, "पुढचं घ्या."

लेक दुपारपर्यंत बाकावर कान देऊन बसली होती.

पुन्हा अर्ज करता येतो, असं वकील म्हणतो. पण त्याच संध्याकाळी जावई पोराला घेऊन कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही.

परवा मी भिंतीवरून डोकावलो, "काय भोंगोजी, कोर्टाला सुट्टी का?" वहिनींनी नजरेनंच माझी जीभ ओढली. तो लेकीच्या बंद दारापाशी उभा होता. तिला हाक मारली, इतकी हळू की मला नुसते ओठ दिसले. आतून काहीच नाही. दुसरी मारली. काहीच नाही.

तिसरी मारायची हिंमत त्याला झाली नाही.