दोन वर्षांनंतरचा जानेवारी

पप्पांनी ऑप्शनची मुदत व्हिसा बघून निवडली होती. बहारीनमध्ये आमचं सगळंच दोन वर्षांच्या हिशेबाने चालायचं: काँट्रॅक्ट, लांब रजा, आईचं ‘आता हे शेवटचं रिन्यूअल’. म्हणून एका अमेरिकन कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क, म्हणजे ऑप्शन, त्यांनी दोन वर्षांनंतरच्या जानेवारीपर्यंत विकत घेतला. भाव चढला की महाडच्या आमच्या जमिनीवर घर बांधून कायमचं परतायचं. शेअरला आमच्या व्हिसाचं काय, असं मला वाटायचं.

त्याच खात्यात ब्रोकरच्या उधारीवर घेतलेले शेअरही होते. बाजार कोसळला तेव्हा मला नुकतीच नोकरी लागली होती. मनामाच्या ऑफिसातून ब्रोकरचा निरोप आला की लगेच पैसे भरा, नाहीतर आम्हीच काहीतरी विकू. संध्याकाळी अमेरिकेचा बाजार उघडला, तसा पप्पांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“तू बोल. तुझं इंग्लिश त्यांच्यासारखं आहे.”

मला फोनवर बोलायची भीती वाटायची. ब्रोकर सावकाश समजावत होता. शेअर विकले तर बरेचसे पैसे उधारीतच जातील, त्यामुळे जवळजवळ सगळेच विकावे लागतील. ऑप्शनवर उधारी नाही. शिवाय मुदत लांब असल्यामुळे पडत्या बाजारातही त्याला किंमत आहे. तो विका, हवं तर त्यातल्या थोड्या पैशांत तीन महिन्यांच्या मुदतीचा घ्या.

मी ते मराठीत सांगितलं, अडखळत. पप्पा हसले. “तीन महिन्यांत काय होतं इथे? कामावर शिरायचा गेटपाससुद्धा होत नाही.”

आई दारात उभी होती. “शेअर जाऊ द्या सगळे,” ती म्हणाली. “जानेवारी ठेवा.”

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे शेअर गेले आणि बाजार आणखी पडला तर हातात काहीच राहणार नाही, असं ते म्हणाले, बहुतेक स्वतःलाच. मग मला म्हणाले, “ऑप्शन विक म्हणावं.”

मी ‘सेल’ म्हटलं. ब्रोकरने दोनदा विचारून खात्री केली.

“आता तो जानेवारी कुणाकडे गेला?” आईने मला विचारलं.

मी ‘आय डोन्ट नो’ म्हणाले. तिच्याशी मी नेहमी इंग्रजीतच बोलायचे. त्या दिवशी मराठीत बोलायला हवं होतं असं अजून वाटतं, पण काय बोलले असते ते सुचत नाही.

पप्पांनी रिन्यूअलवर सही केली. शुक्रवारी आईने महाडला मामाला फोन लावला. सगळ्यांची चौकशी झाल्यावर म्हणाली, “दादा, घरासाठी म्हणून जमीन मोकळी ठेवू नकोस. यंदा नाचणी घे. पुढच्या वर्षीही घे.”