काळी भुकटी, काळी मेंढरं

त्या साली अक्कलकोटकडच्या ज्वारीवर काणी पडली. दाण्यांच्या जागी नुसती काळी भुकटी. बांधावरच्या गवतातही तशीच भुकटी दिसली. रोग तिथूनच येतो असं ठरवून मी, शेतकी खात्यातला नवा माणूस, गवत पेटवायला निघालो.

एक धनगर म्हातारी काठी आडवी धरून समोर उभी राहिली. मागं तिची मेंढरं चरत होती. तिनं दोन्ही भुकट्या तळहातावर चोळल्या, हुंगल्या.

"गवतावरची जुंधळ्याला लागत न्हाय, सायेब. येगळी हाय ती."

"दोन्ही काळीच की!" मी खेकसलो.

"माजी मेंढरं बी समदी काळीच हायती. मला वळकू येत्यात की."

मी काडी ओढली.

पुढच्या वर्षी काणी तेवढीच पडली. मेंढरं मात्र कुठंच दिसेनात. म्हातारीला शोधावं, तर नाव कुठं विचारलं होतं मी?