पेन्सिलीच्या खुणा

या प्रकरणातील एक गोष्ट मी वरिष्ठांपासून, सहकाऱ्यांपासून आणि पत्नीपासूनही दडवून ठेवली. माझ्या ताब्यातला माणूस निर्दोष आहे हे मला सकाळी दहाच्या सुमारास कळले होते. त्याला मी सोडले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधल्या काळात त्याचे जे गेले ते त्याला पुन्हा मिळाले नाही. ती घटना तीस वर्षांत एकदाही माझ्या मनातून गेलेली नाही.

हल्ली संध्याकाळी घरोघरी दूरचित्रवाणीवर गुन्ह्यांच्या मालिका लागतात. शेजारी विचारतात, "साहेब, खरंच असं असतं का हो?" मी हसून वेळ मारून नेतो. तरुणपणी मलाही तसेच वाटत असे, हे त्यांना कसे सांगावे?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात एका ठाण्याचा फौजदार होतो. वय सत्तावीस. तेव्हा दूरचित्रवाणी आमच्या भागात कोणी पाहिलेली नव्हती. रहस्यकथांचे मात्र पेव फुटले होते. एस.टी. स्टँडवरच्या दुकानात दरमहा भडक मुखपृष्ठाची नवी कादंबरी येई. मी ती अधाशासारखी वाचत असे. गावच्या वाचनालयाचा मी वर्गणीदारही होतो.

दुष्काळाचे वर्ष होते. चैत्रातली यात्रा पंधरवड्यावर आली असताना देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. दुपारी देऊळ बंद असताना कोणीतरी सभामंडपाची कौले काढून दोराने आत उतरले होते. गुन्हा दाखल केला, पंचनामा केला, आणि खोलीवर येऊन सुन्न बसलो. कारण ही चोरी मी चार दिवसांपूर्वीच वाचली होती. वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत चोर नेमका असाच देवळात उतरतो, आणि त्या परिच्छेदाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने फुली केली होती.

वाचनालयाची देवघेवीची वही मागवली. माझ्याआधी ते पुस्तक पेठेतल्या एका शिंप्याने नेले होते. गाव त्याला नाना म्हणे. त्याच दिवशी देवस्थानच्या एका पंचाचा पुतण्या ठाण्यात आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, नाव माझं घेऊ नका. पर नाना शिंपी परवा गाभाऱ्यात जाऊन आलाय. माप घ्यायला म्हनं."

खबर खरी होती. यात्रेला देवीला चढवायची चोळी शिवण्याचा मान नानाच्या घराण्याकडे होता. पण मला आता दुवे जुळताना दिसू लागले. मी नानाला हातकड्या घालून पेठेतून चालवत ठाण्यात आणले. गरज नव्हती. सगळी पेठ दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली होती. ठाण्यात पोहोचताच मी उपअधीक्षकांना दूरध्वनी करून आरोपी मिळाल्याचे कळवले.

"ही फुली कुणाची?" मी पुस्तक पुढे टाकले.

"माझीच की, साहेब."

"कशासाठी केलीस?"

"दुपारच्याला कामं कमी असत्यात. दुकानात मी वाचतो, शेजारपाजारची ऐकत्यात. वाचायचं थांबलो की तिथं फुली मारून ठेवतो."

"आणि नेमका चोर दोरावर असताना थांबलास?"

"तिथंच थांबाया लागतंय. न्हाईतर दुसऱ्या दिशी येतंय कोन?"

मला हे उत्तर फार तयार वाटले. मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत गुन्हेगाराकडे असेच तयार उत्तर असे. मी ते जबाबात घेतलेही नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आमचे जमादार ते पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. नोकरीची पंचवीस वर्षे झालेला माणूस. एकही कादंबरी वाचलेली नसावी.

"साहेब, पुस्तक पुरतं चाळलं का तुमी?"

"का?"

"चौदा फुल्या हायेत. एक तर त्या बाईला ताप आलाय तिथं हाय. ताप चोरायचा हुता व्हय नानाला?"

मी एका पानापुढे पाहिलेच नव्हते. जमादारांनी नानाच्या दुकानाशेजारच्या न्हाव्यालाही सोबत आणले होते. त्याला अक्षरओळख नव्हती. जमादार एकेक फुली काढून दोन ओळी वाचत आणि न्हावी त्यापुढची हकिगत घडाघडा सांगे. चौदाही फुल्या त्याने सांगितल्या. मग जरा घुटमळून मलाच विचारले, "शेवटचं परकरन तेवढं ऱ्हायलंय आमचं. मुदत संपली म्हनून पुस्तक दिलं, ते तुमी नेलं. खुनी कोन निघाला वो, साहेब?"

जमादार हसले, न्हावीही हसत बाहेर पडला. मला हसू आले नाही. उपअधीक्षक दुपारनंतर पुन्हा विचारणार होते. काय सांगायचे? कादंबरी वाचून माणूस धरला म्हणून?

तेवढ्यात कोठडीतून नानाने हाक मारली. "साहेब, दुपारी देवळात पंच बसनार हायेत. चोळीच्या मानाचं बोलनं हाय. मी तिथं उभा ऱ्हायलो न्हाई तर गेलं बगा समदं. बोलून लगेच माघारी येतो. पायजे तर जमादारांस्नी संगं धाडा."

जमादार माझ्याकडे पाहत राहिले. मी समोरचा कागद सरळ केला आणि म्हणालो, "चौकशी चालू आहे."

त्या दिवशी मी चार वेळा दूरध्वनीपर्यंत गेलो. खरे सांगावे असे प्रत्येक वेळी वाटले. प्रत्येक वेळी हात मागे आला. तीनच्या सुमारास बातमी आली, की पंचांनी मान दुसऱ्या गावच्या शिंप्याला दिला. जमादारांनी ती नानाला सांगितली. त्याने गज धरले. मग त्याने विचारले, "कापड कातरून पडलंय दुकानात. ते आता कुनाकडं पोचवायचं?"

शनिवारी जमादार काष्टीच्या बाजारात गेले. त्या वर्षी वैरणीअभावी जो तो जनावरे विकायला आणत होता. बाजारभर विकणारेच. त्यात एक जण बैलजोडी विकत घेताना त्यांना दिसला. तो पंचाचा पुतण्या होता, आम्हाला खबर देणारा. जमादारांनी त्याला बैलांसकट ठाण्यात आणले आणि एकच विचारले, "घालनार काय रं ह्यांना?"

तासाभरात त्याने सर्व सांगितले. कौले काढून उतरण्यासाठी त्याला कुठल्याच पुस्तकाची गरज पडली नव्हती. मुखवटा एका सोनाराकडे मिळाला; त्याचा एक कान वितळवलेला होता. आता मूळ आरोपी हाती आला होता, म्हणून मी नानाला सोडले. अहवालात मी लिहिले की संशयिताची चौकशी करून त्यास वगळण्यात आले. केव्हा कळले, ते लिहिले नाही. मला प्रशस्तिपत्र मिळाले.

चोर सापडल्यावर मान परत मिळेल असे मी स्वतःला समजावत होतो. पंच म्हणाले, एकदा बेडी पडलेल्या हातांनी देवीची चोळी कशी शिवायची? मी जाऊन चार शब्द बोललो असतो तर कदाचित ऐकले असते. मी गेलो नाही. पावसाळ्यानंतर माझी बदली झाली.

रहस्यकथेत लेखकाने ठेवलेली प्रत्येक वस्तू कामाची असते, कारण ती त्याने त्यासाठीच ठेवलेली असते. माणसाच्या दुकानात मात्र शंभर वस्तू असतात आणि त्या त्याच्या जगण्याच्या असतात. हे मी त्या शुक्रवारी शिकलो. पण मला अधिक छळते ते दुसरेच. पुस्तकांनी माझी दिशाभूल केली, असे फार तर गुरुवारपुरते म्हणता येईल. शुक्रवार सर्वस्वी माझा होता.

निवृत्तीनंतर मागच्या वर्षी मी त्या गावी गेलो. पेठ बदलली आहे, दुकान तेच आहे. जाड भिंगांचा चष्मा लावून नाना एका सदऱ्याला हाताने काजे करत बसले होते. मी नाव सांगण्याआधीच म्हणाले, "या, फौजदारसाहेब." मी त्यांच्याजवळ बसलो आणि सर्व सांगितले, शुक्रवारची सकाळही सांगितली. सुई थांबली.

"मला वाटलंच हुतं तवा," ते म्हणाले. "न्हावी हसत भायेर पडल्याला मी बगितला हुता."

मी हलक्या आवाजात माफी मागितली. माझा आवाज मुळातच लहान आहे.

"मी ऐकलं, साहेब. पर तुमी मला नेलं ते पेठंनं बगितलं हुतं. हितं माझ्या कानात सांगून कसं भागंल?"

मी उठलो. दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. समोर चहाचे हॉटेल, किराणा दुकान, रस्त्यावर माणसे होती. मग जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो:

"मंडळी, मी या गावात फौजदार होतो. नानांना मी हातकड्या घालून याच रस्त्याने नेले. त्यांनी चोरी केलेली नव्हती. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळले होते, आणि तरी माझी नाचक्की होऊ नये म्हणून मी त्यांना पंचांपुढे जाऊ दिले नाही. देवीच्या चोळीचा मान माझ्यामुळे गेला. नाना, मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."